कुलुपाआड दोन घंटे

आमच्या घरी तीन मुलींवर मुलगा झाला आणि आई रडायला लागली. गल्लीत कोणाला ह्याचा मेळ लागेना. मुलगी झाली म्हणून रडणाऱ्या बाया सगळ्यांनी पाहिल्या होत्या. त्यांना काय म्हणायचं ते तोंडपाठ होतं, लक्ष्मी आली, पुढच्या खेपेला पाहू, वगैरे. पण मुलगा झाल्यावर रडणारीला काय म्हणावं हे कोणाला माहीत नव्हतं. बारसं झालं, पाळणे म्हणून झाले, पाहुणे गेले, आणि आई शेगडीपुढे बसून रडत होती. आवाज नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी. वरणाला फोडणी घालतानाही रडायची. माझी धाकटी बहीण सुमन म्हणायची, आजकाल वरण खारट लागते ते ह्याच्यानंच. तिला त्याबद्दल मार बसला, पण वरण खारट लागायचं हे खरं होतं. आई मीठ दोनदा घालायची आणि कधी घालायचीच नाही.

आम्ही तेव्हा पाचपावलीत किरायाच्या दोन खोल्यांत राहत होतो. बाहेरच्या खोलीत शेगडी, भांड्यांची फळी, एक खाट, आमच्या ट्रंका आणि आढ्याला बांधलेला बाळाचा झोका. आतल्या खोलीत आईची बाज आणि एक खिडकी. खिडकीच्या मागे सगळ्या घरांची मिळून एक विहीर होती, त्यामुळे सकाळी पाच वाजता पहिली बादली पडायची ती आमच्या कानातच पडायची. नंतर रहाटाची करकर, मग मिलचा भोंगा, मग शेजारच्या ढोबळेकाकूंचा रेडिओ. तो रेडिओ काकू आमच्यासाठी म्हणून मोठा लावायच्या. आम्ही कधी मागितला नव्हता. आई सांबार, म्हणजे कोथिंबीर, भरून सांबारवडी करायची, बुधवारी पाटोडीचा रस्सा करायची, आणि ताटात वाढल्यावर सगळ्यांकडे पाहायची, कोण काय म्हणतं म्हणून. रडायला लागल्यावर तिनं पाहणं सोडलं. वाढायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची.

बाबा जरीपटक्यातल्या एका कापडाच्या दुकानात होते. दिवसभर गिऱ्हाईक बायांपुढे लुगड्यांच्या घड्या उलगडायच्या आणि गोड बोलायचं हे त्यांचं काम. घरी येईपर्यंत त्यांचं बोलणं संपून जायचं. सायकल लावली की ते 'हं' म्हणायचे, जेवताना 'हं' म्हणायचे, आणि झोपताना काहीच म्हणायचे नाहीत. वाईट माणूस नव्हता. मारत नव्हता, पीत नव्हता, आणि त्या काळी एवढ्यावर नवरा पास व्हायचा.

घरावर राज्य होतं द्वारकाआत्याचं. ती बाबांची थोरली बहीण, विधवा. पलीकडच्या गल्लीत दिराकडे राहायची म्हणायला, पण सकाळी सातला आमच्याकडे यायची ती दिवेलागणीला जायची. तिचे गुडघे दुखायचे म्हणून ती शेगडीपाशी बसत नसे. ती खाटेवर बसायची आणि तिथून सगळं पाहायची. कणीक सैल झाली, बाळाची लंगोट ओली आहे, फोडणी करपली, दुसरीकडे पाहून भाजी चिरू नये. आत्याला नाक डोळ्यांपेक्षा तेज होतं. आईनं पाणी प्यायला घोट घेतला तरी आत्या म्हणायची, "थंडं पाणी नको पिऊ वं, पोट्ट्याले बाधते."

आता माझ्या पाठचा एक मुलगा होता हे सांगायला पाहिजे. तो सव्वा वर्षाचा होऊन तापानं गेला. त्याचं नाव घरात कोणी घेत नसे, म्हणून मीही इथे घेत नाही, सवय आहे. पण आईच्या मनात तोच होता. नवीन बाळ झोपलं की ती त्याच्या नाकाखाली बोट धरायची, श्वास चालू आहे का पाहायला. दर अर्ध्या घंट्यानं. रात्री तेच. नंतर नंतर ती मलाही उठवायची, "विमल, तू पाहा वं, मले समजून नाही राहिलं." मी झोपेत बोट धरायची आणि कधी कधी ते नाकातच जायचं. बाळ किंचाळून उठायचं, आणि आई म्हणायची, "चालू हाय, चालू हाय." माझा हा भाऊ आज सहा फूट उंच आहे, रिटायर झाला आहे आणि इतका घोरतो की श्वास चालू आहे हे चौकापर्यंत समजते. पण आमच्या बोटांमुळेच त्याचं नाक फेंदारलं असं तो अजून म्हणतो.

आईवर सगळ्यांनी उपाय केले. आत्यानं मीठ-मिरच्या ओवाळून शेगडीत टाकल्या, तर घरभर ठसका झाला आणि त्या दिवशी आम्ही सगळेच रडलो. कोणी काळा दोरा आणला. कोणी काशाच्या वाटीनं तळपाय घासायला सांगितले, ते काम माझ्याकडे आलं, आणि आईला गुदगुल्या होतील, ती हसेल, म्हणून मी जोर लावून घासले. ती हसली नाही, पायाला फोड आला. आणि झोपेसाठी जायफळ. गल्लीतल्या प्रत्येक बाईला जायफळ सुचलं. ते उगाळून द्यायचं असतं, पण उगाळणार कोण, म्हणून बाया नुसती जायफळं आणून ठेवायच्या. आमच्या फळीवर चौदा जायफळं जमली. आम्ही तिघी बहिणी त्यांनी गोट्या खेळायचो.

उपायांपेक्षा भेटी वाईट होत्या. आमच्या गल्लीत रीत अशी होती की घरात कोणी पडलं तर सगळ्यांनी पाहायला जायचं. नाही गेलं तर अपमान. चार वर्षांपूर्वी एकीच्या नवऱ्याचा पाय मोडला तेव्हा समोरची गेली नव्हती, तर त्या दोघी अजून विहिरीवर पाठ करून उभ्या राहायच्या. म्हणून आईला पाहायला सगळ्या यायच्या, दुपारची भांडी झाली की, तीन तीन, चार चार. यायच्या, बाजेवर तिच्या पायाशी बसायच्या, म्हणायच्या, "काहून रडतं वं कौसल्ये? पोट्टा झाला न?" आणि दुसरी रीत अशी की पाहायला आलेल्याला चहाशिवाय जाऊ द्यायचं नाही. आत्याचे गुडघे तुम्हाला सांगितले. मी चौथीत होते, माझ्या हातचा चहा एकदा पाजला तर ढोबळेकाकू म्हणाल्या, "ह्यापेक्षा रडलेली बरी." मग उठायचं कोणी? आईच उठायची. पायाला फोड, मांडीवर बाळ, डोळ्यांत पाणी, आणि आपल्याला पाहायला आलेल्यांसाठी आधण ठेवायची. बाया बाजेवर बसून तिचं दुःख करायच्या आणि आतून ओरडायच्या, "साखर कमी टाकजो वं माय!"

दर गुरुवारी आईचा भाऊ, आमचा बापूमामा, काटोलहून संत्रीच्या गाडीबरोबर बाजारात यायचा आणि माल उतरवून दुपारी आमच्याकडे डोकवायचा. बहिणीकडे रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून टोपलीभर संत्री आणायचा. एका गुरुवारी त्यानं टोपली ठेवली तर आईनं घरचं काही विचारलं नाही. गाय व्याली का नाही, माय कशी आहे, काही नाही. मामानं बाबांना दुकानात जाऊन गाठलं. "भाऊजी, तिले दवाखान्यात दाखवा. माझी बहीण मले पाहून संत्र्याकडे पाहाते अन् संत्र्याले पाहून भिंतीकडे पाहाते." बाबा 'हं' म्हणाले, पण ह्या वेळी खरंच घेऊन गेले. रामदासपेठेत एक डॉक्टरीणबाई होत्या, बायांच्या. सोबत आत्या निघाली, कारण तिच्याशिवाय काही निघत नसे, आणि बाळ धरायला मी.

डॉक्टरीणबाईंनी आईला विचारायला सुरुवात केली आणि आत्या उत्तरं द्यायला लागली.

"कितवं बाळंतपण?"

"पाचवं," आत्या म्हणाली. "पण मजबूत हाय. तिसऱ्या दिवशी भांडे घासले तिनं."

"एखादं मूल गेलं का?"

"ते जुनं झालं आता."

"ह्याआधी कधी असं झालं होतं?"

"कधीच नाही. आमच्या घरात असं काही नाही."

"झालं होतं," आई म्हणाली. आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "माझा पोट्टा गेला तवा. सालभर." सालभर! आणि आम्ही एका घरात राहत होतो. आई म्हणाली, तेव्हा ती धुणं धुताना रडायची, म्हणजे तोंड ओलं दिसलं तरी चालायचं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. "झोप लागते?"

"हाव, आठालेच लोळते," आत्या म्हणाली.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ती झोपत नाही. बाळाच्या नाकात बोट घालते." आत्यानं मला कोपर मारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला बोलू द्या. घरी मदतीला कोण आहे ग?"

"मी हाय न!" आत्या छाती काढून म्हणाली.

"तुम्ही काय करता?"

आत्यानं विचार केला. "लक्ष ठेवते," ती म्हणाली.

मग माहेरी शेवटचं कधी गेली होती ते विचारलं. बाळंतपणाला पाठवली नव्हती, कारण ह्या खेपेला मुलगा होणार असं आत्याला स्वप्न पडलं होतं आणि मुलगा बापाच्या घरी व्हावा असं तिचं म्हणणं होतं. शेवटी बाईंनी बाबांकडे तोंड केलं. "तुम्ही बोलता का बायकोशी?" बाबांनी टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "काय बोलाचं?"

मग त्यांनी बोटं मोजून जे सांगितलं ते मला अजून आठवते. बाळंतपणानंतर पुष्कळ बायांना रडू येतं आणि काही दिवसांत जातं. पण काही जणींचं जात नाही, वर्षं वर्षं राहतं, मूल शाळेत जायला लागलं तरी राहतं. त्यांच्या घरी मला तेच तेच सापडतं, त्या म्हणाल्या. आधी एकदा होऊन गेलेलं आणि कोणी न पाहिलेलं. मूल गेलेलं. झोप नाही. पाठोपाठ बाळंतपणं. माहेर तुटलेलं. नवरा बोलत नाही. आणि घरात चोवीस तास चुका काढणारं माणूस. त्या एकेक बोट दुमडत होत्या आणि मी बाळाच्या पाठीवर एकेक बोट दाबत होते. मला शाळेत कधी पैकीच्या पैकी मार्क मिळाले नाहीत, पण आमच्या घराला मिळाले.

परवा माझ्या नातसुनेला बाळंतपणानंतर दवाखान्यात एक कागद भरायला दिला होता. झोप येते का, हसू येते का, कोणाची भीती वाटते का. ती म्हणाली, आजी, काय फालतू प्रश्न विचारतात. मी म्हटलं, भर मुकाट्यानं. आणि पेन तुझ्या सासूच्या हातात देऊ नको.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, पण म्हणाल्या, गोळी अर्धं काम करेल. उरलेलं अर्धं म्हणजे रोज दुपारी दोन घंटे झोप. दार लावून. बाळ दुसऱ्याकडे. कोणी हाक मारायची नाही, कोणी पाहायला जायचं नाही. बाबांकडे बोट करून म्हणाल्या, "आणि हे जमलं नाही तर मी तिला इथेच भरती करून घेईन, किती दिवस ते सांगत नाही." भरती म्हटल्यावर बाबांचा चेहरा उतरला. चार पोरं आणि आई घरात नाही. आत्या रस्ताभर म्हणत आली, "झोपेसाठी डॉक्टर! आम्ही का झोपत नाही काय?"

पहिल्या दुपारी आई आत गेली, मी दार लोटलं. घंटाभरात सगळ्या गल्लीला समजलं की कौसल्येला झोप लिहून दिली आहे. औषध पाहायला जावं तशा बाया झोप पाहायला आल्या. दार हळूच उघडायच्या, आत डोकं घालायच्या. "झोपली वाटते." दुसरी म्हणायची, "कुठी झोपली, पापणी हालून राहिली." मग तिसरी आत जाऊन खांदा हलवायची, "कौसल्ये, झोपली का वं?" आई म्हणायची, "हाव." "मग झोप, झोप. आम्ही असेच पाहाले आलो." आणि मग रीतीप्रमाणे आई उठायची आणि चहा मांडायची.

दुसऱ्या दुपारी आत्या स्वतः पहारा द्यायला दाराशी बसली. तिनं कोणाला आत सोडलं नाही, पण येणारीला दोन्ही घंटे मोठ्यानं समजावून सांगितलं की आत शांतता पाहिजे. तिसऱ्या दुपारी ढोबळेकाकूंनी आईला झोप यावी म्हणून भिंतीला लावून रेडिओ ठेवला. संध्याकाळी आई मला म्हणाली, "विमल, मी नाही वं होत आता बरी." रडून नाही म्हणाली. भाजी संपली म्हणावं तसं म्हणाली. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

चौथ्या दिवशी मी शाळेत गेले नाही. तशीही बाळ झाल्यापासून आठवड्यातून दोनदाच जायची. बाबांच्या ट्रंकेचं कुलूप काढलं, आईनं बाळाला पाजलं, मी बाळ घेतलं आणि म्हटलं, "आई, मी बाहेरून कुलूप लावते." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "लाव." एवढंच. मी कडी घातली, कुलूप लावलं, किल्ली परकराच्या नाडीला बांधली आणि बाळाला झोक्यात टाकून झोके देत बसले. सुमनला आणि सगळ्यात धाकटीला चार घरं पलीकडे खेळायला हाकलून दिलं होतं, कारण त्या दोघींच्या पोटात काही राहत नसे.

पहिल्या ढोबळेकाकू आल्या. कुलूप पाहिलं. "आई कुठी गेली वं?"

मी सगळा विचार केला होता, फक्त ह्याचा केला नव्हता. तोंडातून निघालं, "काटोलले गेली. माहेरी."

काकूंनी झोक्यात पाहिलं. "अन् पोट्टं?"

"ते नाही गेलं," मी म्हटलं.

काकूंनी एक पाऊल मागे घेतलं. दोन महिन्यांचं अंगावरचं पोर टाकून बाई माहेरी गेली! "बाप्पा, बाप्पा," म्हणत त्या बाहेर पळाल्या, आणि मी बाळाला आणखी एक झोका देईपर्यंत दारात सात बाया होत्या. आत्या लंगडत आली. "मले न विचारता गेली?" हे तिचं पहिलं वाक्य. "पोट्टं टाकून गेली?" हे दुसरं. ढोबळेकाका रात्रपाळी करून घरी झोपले होते, त्यांना उठवून सायकलवर जरीपटक्याला पिटाळलं, बाबांना आणायला. खोटं एवढ्या वेगानं मोठं होते हे मला माहीत नव्हतं. पण एकीकडे माझं लक्ष दाराकडे होतं, आणि दार गप्प होतं, म्हणून मला वाटलं, होऊ दे गोंधळ, दोन घंटे तर होऊ दे.

तो दिवस गुरुवार होता हे मी विसरले होते.

बापूमामा डोक्यावर टोपली घेऊन गल्लीत शिरला तर त्याला सगळी गल्ली दारात उभी दिसली. आत्या गरजली, "या बापूराव! बहिणीले बोलावून घेतलं न? दूधपितं पोट्टं टाकून?"

"कोणाले बोलावलं?" मामा म्हणाला. "मी काटोलहूनच येऊन राहिलो न वं बाई! सकाळच्याले निघालो. तिथी नाही ती."

मग कोणीतरी, कोण ते मला माहीत आहे पण तिची मुलं अजून आहेत, म्हणाली, "विहीर." आणि टोपलीतली संत्री गल्लीभर झाली, कारण मामा टोपली टाकून पळाला होता.

विहिरीवर मग जे झालं ते मी कित्येकदा सांगितलं आहे, तरी कोणाला खरं वाटत नाही. पडलेल्या बादल्या काढायचा लोखंडी गळ होता, तो दोरीला बांधून मामानं खाली सोडला. आत्या काठावर बसून छाती पिटत होती, "माझी भावजय, सोन्यासारखी भावजय, कधी उलटून बोलली नाही माझ्याशी!" गळ काहीतरी घेऊन वर आला. सगळ्यांनी डोळे झाकले. बादली होती. पुन्हा सोडला. दुसरी बादली, बूड गेलेली. तिसऱ्यांदा वर आला तो तांब्याचा लोटा, हिरवा पडलेला. ढोबळेकाकू पुढे झाल्या. "हा माझा लोटा!" दोन वर्षांपूर्वी हरवला होता आणि तो द्वारकाबाईंनी उचलला असं काकूंनी गल्लीभर सांगितलं होतं. आत्यानं छाती पिटणं थांबवलं. उठून उभी राहिली. त्या दिवशी तिचे गुडघे कुठे गेले होते कोण जाणे. "पाहा! पाहा वं सगळ्या! चोर म्हणत होती मले! लोटा विहिरीत अन् चोर मी?" "मग विहिरीत टाकला कोणी?" काकू म्हणाल्या. आणि भावजय बुडाली आहे हे बाजूला ठेवून दोघी लोट्यावर भांडायला लागल्या, आणि मामा विहिरीत वाकून ओरडत होता, "कौसल्ये! ए कौसल्ये!"

तेवढ्यात बाबा आले. सायकल आडवी टाकली. हातात कापड मोजायचा लोखंडी गज तसाच होता, दुकानातून ठेवायचा राहून गेलेला. त्यांनी विहिरीकडे पाहिलं, गळाकडे पाहिलं, आणि ते मागच्या पायरीवर बसले. कोणाकडे न पाहता म्हणाले, "मी आज बोलणार होतो तिच्याशी." आणि हातातल्या गजानं ते पायरी मोजायला लागले, परत परत.

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. मी बाळ कडेवर घेऊन पुढे झाले आणि म्हटलं, "आई आत हाय. झोपली हाय. मी कुलूप लावलं."

मला किती जणांनी मारलं ते मोजलं नाही. आत्यानं एक, मामानं एक, एक बाई तर आमच्या नात्यातलीही नव्हती. सगळी वरात घरात शिरली. आत्या आतल्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारायला लागली. बाबा म्हणाले, "विमल, किल्ली दे." मी नाडीची गाठ सोडायला लागले, आणि ती सुटेना, मीच घट्ट मारली होती.

आणि आतून आईचा आवाज आला. "उघडू नको वं, विमल."

आत्याचा हात वरच्या वर राहिला.

"कौसल्ये," मामा म्हणाला, "तू बरी हाय न? कवापासून जागी हाय?"

"गळ पडला तवापासून. खिडकीखालीच तर विहीर हाय."

"मंग आवाज काहून नाही देला गा... वं?" मामा इतका घाबरला होता की बहिणीला पुरुषासारखं गा म्हणून बसला. "आम्ही मेलो असतो न इकडे!"

आई म्हणाली, "मी मोजून राहिली होती. वीस-पंचवीस जण तर असान. उठली असती तर सगळ्यायची चाय मांडा लागली असती."

पहिला मामा हसला. मग बाहेरच्या बाया, मग ढोबळेकाका. बाबा हसले नाहीत. ते दाराला टेकून खाली बसले आणि हळू आवाजात दाराशी काहीतरी बोलायला लागले. लुगड्याबद्दल होतं, दुकानात हिरवं लुगडं आलं आहे, असं काहीतरी. दुसरं त्यांना येत काय होतं? आई आतून 'हं' म्हणाली. आणि आत्या, सगळ्यांसमोर, 'आई गं' म्हणत शेगडीपाशी बसली आणि तिनं पंचवीस जणांचं आधण ठेवलं. तो चहा माझ्या चहापेक्षा वाईट होता. ढोबळेकाकूंनी मुकाट्यानं प्यायला, लोट्यानं प्यायला.

आई त्या दुपारी बरी झाली असं मी लिहिणार नाही. झाली नाही. कुलूप रोज लागायला लागलं, गोळ्या चालू राहिल्या, बाबा रोज रात्री एक तरी लुगडं वर्णन करून सांगायचे. दोन महिन्यांनी तिनं पाटोडीचा रस्सा केला आणि वाढून आमच्या तोंडाकडे पाहिलं. पण पुढे कित्येक हिवाळ्यांत ते दुखणं परत आलं, कधी महिनाभर, कधी सहा महिने, आणि माझ्या लग्नात ती मांडवामागे बसून होती. दाराशी कोणीतरी पाहिजे म्हणून माझी शाळा चौथीवर सुटली. मला त्याचा राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. आईवर नाही आला. पंचवीस जणांवर आला.

पहिल्या कुलपाला महिना झाला असेल. मी नेहमीप्रमाणे किल्ली घेऊन बसायला निघाले तर दारात आत्या उभी. काखेत स्वतःची उशी. आईकडे न पाहता म्हणाली, "आज मले लाव वं आत. दोन घंटे." आईनं बाजेवरची चादर झटकली. आत्याला चार मुलं झाली होती, त्यातलं एकही राहिलं नव्हतं, हे मला त्या दिवशी समजलं, तेही आत्यानं सांगितलं नाही, नंतर बाबांनी सांगितलं. आत्या बाजेवर आडवी झाली आणि छताकडे पाहून म्हणाली, "मले कोणी इचारलंच नव्हतं." मग भिंतीकडे तोंड केलं.

आईनं कुलूप स्वतः लावलं. माझ्या हातातली किल्ली घेतली, म्हणाली, "जा तू, खेळ," आणि पायरीवर बसली. मी गेले नाही, झोक्याशी उभी राहिले. थोड्या वेळानं ढोबळेकाकू आल्या, आईला बाहेर पाहून बुचकळ्यात पडल्या.

"तू बाहेर? मंग आत कोण हाय?"

"नणंदबाई. झोपल्या."

"बिमार हाय का?"

"हाव."

"कवापासून वं? काल तर माझ्याशी भांडल्या."

आईनं बोटांवर मोजलं. सावकाश, एकेक पेर धरून. "तीस साल झाले असान," ती म्हणाली.

काकूंनी तोंडाला पदर लावला. "बाप्पा! मंग पाहून येते न मी," म्हणून दाराकडे वळल्या.

आईनं किल्ली पोलक्यात टाकली आणि पायरीवर मांडी ठोकून बसली.